किंचित गारठा

चहा घेणार का, असं आमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला विचारलं की ते आधी खिडकीबाहेर बघतात, मग रिकाम्या कपाकडे बघतात आणि म्हणतात, "साठ टक्के." आता साठ टक्के चहा कसा करतात हे मला आजवर कुणी शिकवलेलं नाही. मी आपली पूर्ण कप करते. ते पूर्ण कप पितात, वर बशीत सांडलेलाही पितात. पण तोंडानं हो म्हणणार नाहीत.

हवामान खात्यात अंदाज काढायचं काम करतात. म्हणून मी त्यांचं नाव टक्केसाहेब ठेवलं, आणि ते इतकं चिकटलं की एकदा पोस्टमननंसुद्धा दारात येऊन विचारलं, टक्के इथेच राहतात ना.

हा माणूस पहिल्यापासूनच असा. लग्न ठरवताना आमच्या वडिलांनी यांना विचारलं, "मुलगी पसंत आहे का?" तर उत्तर काय, "नकार येण्याची शक्यता अगदी कमी आहे." वडिलांना त्यातला नकार तेवढा ऐकू आला. ते तोंड पाडून आतल्या खोलीत जाऊन बसले. मी मागोमाग गेले, बोटांवर मोजून त्यांना समजावलं, अहो बाबा, नकार कमी म्हणजे होकार जास्त. तेव्हापासून या गृहस्थांचं बोलणं सरळ करून लोकांना सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलंय ते पडलंच आहे. पगार नाही, रजा नाही.

त्यांचं ऑफिस गावाबाहेर उंचवट्यावर. तीन खोल्या आणि पुढे हिरवळ. हिरवळीत चार पायांवर उभी केलेली एक पांढरी लाकडी पेटी आहे, माझ्या छातीइतक्या उंचीवर, चारी बाजूंनी खिडकीच्या झडपांसारख्या फटी असलेली. तिच्या आत तापमापक. मी एकदा बघायला गेले होते. साहेबांनी पेटीचं दार असं उघडलं जसं आत कुणी तान्हं मूल निजलंय. मी कौतुकानं वाकून बघायला लागले तर म्हणतात, "ताई, श्वास जरा तिकडे सोडा. पारा चढेल." मी तिकडे सोडला. चार दिवस राग मात्र इकडेच धरून होते.

त्यांचं घर उताराच्या तळाशी. माझं त्याच गल्लीत, जरा वर, म्हणजे हाक मारली की ऐकू येतं आणि नाही मारली तरी मी जातेच. त्यांच्या घरामागे लांबलचक अंगण आहे, तिथे धाकटीची नर्सरी. तिच्याकडे जास्वंदीची मोठी मोठी झाडं आहेत कुंड्यांतून, आणि रंगीत पानाफुलांचे बेगोनिया. त्यांना ती आई-झाडं म्हणते. त्यांच्या फांद्या छाटून ती कलमं करते आणि ती कलमं विकते. यातल्या दोन-तीन जास्वंदी तर तिच्या संसाराइतक्या जुन्या आहेत. ही झाडं गेली तर पुढच्या वर्षी तिच्याकडे विकायला नुसती माती उरेल. आणि त्यांचा नखरा असा की बाकी सगळं सोसतील, पण पाणी गोठेल अशी थंडी एकदा लागली की पानं उकडलेल्या पालेभाजीसारखी लोळतात आणि मग झाडच जातं. म्हणून खरा हिवाळा लागायच्या आधी ती सगळी झाडं शेडमध्ये नेते. तेही घाईनं नाही, कारण बंद शेडमध्ये उबेनं बुरशी धरते.

आता तुम्हाला गेल्या वर्षीचं सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं भांडण कळायचं नाही. गेल्या वर्षी टक्केसाहेबांनी गोठायचा इशारा दिला होता. रेडिओवर आला, गावभर झाला. लोकांनी नळांना फडकी बांधली. धाकटीनं आख्खी नर्सरी शेडमध्ये कोंबली. आणि मग काय झालं, तर ऊन पडलं. असं ऊन की समोरचा बेकरीवाला बनियनवर फिरत होता. रस्त्यातून हाका मारायचा, "साहेब, बर्फ आला की जरा माझ्या सरबताला पाठवा." शेडमध्ये बुरशी धरली, दोन आई-झाडं गेली. धाकटी रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. तिनं शांतपणे सांगितलं, "यापुढे टक्के ऐकून मी एक कुंडी हलवणार नाही. आज गोठणार, असं सरळ बोलाल तेव्हाच."

आणि तेव्हापासून साहेब जास्तच टक्क्यात बोलायला लागले. म्हणजे बघा, दुखणं एक आणि औषध भलतंच.

तर यंदा. पानगळ आत्ता कुठे सुरू झालेली. लोक अर्ध्या बाह्यांवर, मी अजून पंखा लावून झोपत होते. अशा दिवसांत एका दुपारी टक्केसाहेब जेवणाच्या वेळेला घरी आले. हे कधी होत नाही. डबा तसाच भरलेला, हातात. मी धाकटीकडे मटार सोलायला बसले होते.

ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले आणि काचेला सांगितलं, "वारा पडतोय."

"पडू दे," मी म्हटलं. "उचलायला कोण जाणार आहे?"

"ताई, चेष्टा नको. ढग नाहीत. हवा कोरडी आहे. ढग म्हणजे जमिनीचं पांघरूण. आज जमीन उघडी झोपणार, आणि वरून उत्तरेची थंड हवा खाली उतरतेय."

धाकटीनं मटाराची शेंग खाली ठेवली. "उद्या पहाटे गोठणार?"

"शक्यता आहे."

"किती?"

"सत्तर."

"गेल्या वर्षी किती होती?"

साहेबांनी डबा या हातातून त्या हातात घेतला. "पासष्ट."

धाकटीनं शेंग परत उचलली.

तेवढ्यात आतल्या खोलीतून तिच्या सासूबाईंनी हाक मारली. त्यांचं सगळं जग म्हणजे तो उशाशी ठेवलेला रेडिओ. "अरे, ऐकलंस का? उद्या पहाटे किंचित गारठा जाणवेल म्हणतायत."

"आई, ते मीच लिहिलंय."

"मग झालं तर. उगाच घरात येऊन दुसरंच काय सांगतोस?"

मी डोक्याला हात लावला. म्हटलं, अहो जावईबापू, घरात सत्तर टक्के गोठतंय आणि रेडिओत किंचित गारठा, हा काय प्रकार आहे? तर मग हळूहळू, दाढ उपटावी तसं एकेक वाक्य काढलं मी त्यांच्याकडून. त्यांनी सकाळी लिहिलं होतं, "जमिनीलगत पाणी गोठण्याची दाट शक्यता." ते मोठ्या साहेबांकडे गेलं. मोठे साहेब म्हणाले, या महिन्यात कधी गोठलंय का, मी नोकरीला लागल्यापासून तरी नाही, गेल्या वर्षी शोभा झाली ती पुरे. आणि पेन काढलं. आधी दाट काढलं. मग गोठणं काढलं. मग म्हणाले, जमिनीलगत म्हणजे काय, लोक काय जमिनीलगत राहतात? ते काढलं. शेवटी शक्यताही त्यांना जरा जास्तच वाटली. राहिला किंचित गारठा.

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"मी म्हटलं, साहेब, माझ्या मते हे थोडं कमी होतंय."

"थोडं?"

"बरंच," ते म्हणाले. "पण तसं म्हटलं नाही."

आता या माणसाला काय करावं, सांगा. धाकटी उठली, अंगणात गेली, एक बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसून कात्री पुसायला लागली. आम्ही दोघं मागोमाग.

"हे बघा," ती म्हणाली, "मोठ्या साहेबांसमोर नाही जमलं, ठीक आहे. इथे कुणी साहेब नाही. मी आहे. म्हणा, आज गोठणार. दोन शब्द आहेत. म्हणा, की मी उठते."

साहेबांनी तोंड उघडलं. मला खरंच वाटलं, आता येतंय. "अगं, पण पहाटेकडे ढगांची एक पातळ पट्टी सरकली तर..."

"सरकली तर काय?"

"तर नाही गोठणार. मी खोटं कसं बोलू?"

"मग खरं बोला."

"खरं सत्तरच आहे."

धाकटी कात्रीकडे बघत म्हणाली, "तुम्ही सत्तरात राहता हो. उरलेल्या तिसात मी राहते."

साहेब आकाशाकडे बघायला लागले. पण कुणीतरी हलायला नको का? ही बादलीवर बसलेली, हे हात लोंबकळत उभे, आणि सूर्य काय तुमचं मिटेपर्यंत थांबणारे? मी म्हटलं, "अरे, कुणीतरी एकानं शहाणं व्हा, नाहीतर मी दोघांनाही शेडमध्ये कोंडते." दोघांनीही माझ्याकडे ढुंकून बघितलं नाही.

मग साहेबांनी बाह्या दुमडल्या. ऑफिसच्या बुटांवर, ऑफिसच्या पँटवर, अंगणात उतरले. पार तळाच्या भिंतीपाशी गेले, एक कुंडी उचलली आणि पोटाशी धरून शेडकडे निघाले. मग दुसरी. मग तिसरी. कुंडी काठाला धरलेली, मान आकाशाकडे, चाल बदकाची. लग्नात एक खुर्ची उचलायची वेळ आली तर पाठ दुखते म्हणणारा हा माणूस.

मी कौतुकानं बघत होते. मग जरा नीट बघितलं.

"धाकटे," मी हळूच म्हटलं, "अगं, ती शेवंती ना?"

"हो."

"शेवंती थंडीला भीक घालते का?"

"नाही."

"मग सांग की त्यांना."

"मला कोण सरळ सांगतंय?" ती म्हणाली आणि कात्रीचं दुसरं पातं पुसायला घेतलं.

गंमत काय झाली होती ते नंतर कळलं. थंड हवा पाण्यासारखी असते म्हणे, उतारावरून वाहते आणि सखल जागी साचते. म्हणून साहेबांनी तळापासून सुरुवात केली. बरोबरच केलं. पण अंगणाचा तळ गार असतो हे धाकटीला काय ठाऊक नाही? इतकी वर्षं ती तिथेच पाणी घालतेय. म्हणून तिनं थंडी सोसणारी शेवंती आधीच तळाला ठेवली होती आणि आई-झाडं वर, स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून, जिथे चुलीची ऊब लागते. दोघंही बरोबर. आणि दोघांच्या बरोबरपणानं शेड भरत चालली होती नको त्या झाडांनी. संसार असाच असतो म्हणतात. असू दे, पण निदान अंधार पडायच्या आधी तरी असू नये.

बेकरीवाला कुंपणाशी येऊन उभा राहिला. त्याला असल्या गोष्टींचा वास पावाच्या आधी लागतो. "काय साहेब, गेल्या वर्षीचाच खेळ परत? रेडिओ तर किंचित म्हणतो."

साहेब कुंडी धरून तसेच उभे. कानाच्या पाळ्या लाल.

बोलली धाकटी, बादलीवरूनच. "तुमचा पाव जळतोय."

"नाही हो, भट्टी बंद आहे."

"मग जाऊन पेटवा. सकाळी लोकांना गरम काहीतरी लागणार आहे."

तो गेला. मी धाकटीकडे बघितलं, ती माझ्याकडे नाही. आपल्या माणसाला आपण बोलावं, रस्त्यानं बोलू नये, एवढाच त्याचा अर्थ. पण साहेबांनी तेवढ्या बळावर वरच्या भिंतीजवळच्या कुंडीकडे मोर्चा वळवला आणि ती निघाली सगळ्यात जुनी जास्वंद. पांढरं फूल, मधोमध रक्तासारखा लाल ठिपका. साहेबांनी तिचा काठ धरला आणि ओढली.

"काठाला धरू नका," धाकटी उभीच राहिली. "बुडाला हात घाला, बुडाला. मुळं हलतील तिची. सोडा, सोडा आधी."

बादली घरंगळत गेली. झालं. सत्तर टक्क्यांनी जे झालं नाही ते एका काठानं झालं.

मग तिनं शेडमध्ये डोकावून बघितलं आणि कपाळाला हात लावला, जसं काही पहिल्यांदाच दिसतंय. "ही सगळी शेवंती बाहेर काढा."

"बाहेर?" साहेब धापा टाकत होते. "का?"

"तिला काही होत नाही थंडीनं."

"मग मगाशी का नाही सांगितलंस?"

"विचारलंत तुम्ही?"

"मला वाटलं..."

"किती टक्के वाटलं?"

मी मधे पडले. म्हटलं, दोघांनी आता तोंड मिटा आणि हात चालवा, मी एक बाजू धरते. शेवंती बाहेर, जास्वंद आत. शेड भरली तरी बेगोनिया उरलेच. ते घरात घेतले. स्वयंपाकघरात, जिन्यात, आणि शेवटी सासूबाईंच्या पलंगाखाली.

"किंचित गारठ्याला ही झाडं माझ्या पलंगाखाली?" सासूबाई रेडिओ छातीशी धरून विचारत होत्या.

"हो आई," धाकटी म्हणाली. "पाय वर घ्या."

ज्या कुंड्या उचलण्याच्या पलीकडे होत्या त्यांना चादरी गुंडाळल्या. चादरी संपल्या. साहेब माझ्या दारात आले. केसात पाला, बुटांचा चिखल झालेला. "ताई, तुमचे पडदे लागण्याची शक्यता..."

"न्या," मी म्हटलं. "काढा आणि न्या. पण एकदा तरी लागतील म्हणा हो."

त्यांनी काढले आणि नेले. म्हटलं मात्र नाही.

दिवे लागले तेव्हा धाकटी हात धूत होती. मी विचारलं, "बसला का विश्वास?"

"विश्वास कसला." ती नळाखाली नखं घासत राहिली. "पण बूट बघितलेस त्यांचे? ऑफिसचे बूट. रोज पॉलिश करतात. त्या बुटांनी ते चिखलात उतरले, ताई. म्हणजे काहीतरी असणार."

पहाटे मला थंडीनं जाग आली. खिडकीला पडदे नव्हते, त्यामुळे बाहेरचं सगळं दिसलं. गल्लीतलं गवत पांढरंफटक, कुणी पीठ चाळून टाकावं तसं. शाल गुंडाळून मी खाली गेले. धाकटीच्या कुंपणावरचा घेवड्याचा वेल आदल्या दिवशी हिरवागार होता, तो काळपट होऊन दोरीवरच्या ओल्या फडक्यासारखा लोंबत होता. माझे पडदे कुंड्यांवर पत्र्यासारखे ताठ. आणि तळाची शेवंती, पाकळीपाकळीला पांढरी किनार लावून, अगदी मजेत.

धाकटी शेडमध्ये होती. एकेका झाडाचं पान दोन बोटांत धरून दाबत होती, आपण तापलेल्या पोराचा कान बघतो तसं. शेवटच्या झाडापर्यंत गेली, मग तिथेच जमिनीवर बसली. "एक फांदी गेली फक्त," ती म्हणाली. "पत्र्याला टेकली होती ती." आणि गेल्या वर्षी न रडलेलं तेव्हा रडून घेतलं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून उभी होते आणि मनात म्हणत होते, चला, आता तरी हा टक्क्यांचा घोळ संपला.

कसला संपतोय. टक्केसाहेब सकाळीच ऑफिसला चढून गेले होते. परत आले ते तोंड उतरलेलं. टेबलाशी बसले. "पेटीतला पारा शून्याच्या वर होता. दोन अंश."

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे अधिकृतरीत्या गोठलं नाही."

मला आधी कळेचना. मग त्यांनी समजावलं. पेटी उंचवट्यावर, त्यात पुन्हा पायांवर उभी. थंड हवा तिच्या खालून वाहत खाली आली आणि साचली आपल्या अंगणात. नोंद पेटीतली धरतात, आपल्या अंगणातली नाही. "मोठे साहेब खूश आहेत. म्हणाले, बघा, किंचितच होता."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"नोंद बरोबर आहे त्यांची."

माझ्या तोंडावर इतकं काही आलं होतं की कुठलं आधी काढू ते ठरेना. घेवडा मेला, नळ फुगला, माझे पडदे पापड झाले, आणि हा माणूस त्या पेटीची बाजू घेतोय. मी तोंड उघडणार तेवढ्यात धाकटी उठून बाहेर गेली. परत आली ती पाणी साठवायच्या टबावरची चकती घेऊन. जाड, गोल, आरपार दिसणारी, मधे जास्वंदीचं एक पान अडकलेलं. तिनं ती त्यांच्या नाकासमोर धरली.

"हे काय आहे?"

"बर्फ."

"किती टक्के?"

साहेबांनी चष्मा लावला. चकती दोन्ही हातांत घेतली, उजेडाकडे धरली. पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं. धाकटी वाकून बघायला लागली तर म्हणाले, "श्वास जरा तिकडे सोड. वितळेल."

तिनं सोडला. माझ्या अंगावर.

"शंभर," ते म्हणाले.

आम्ही दोघी एकमेकींकडे बघेपर्यंत पुढे म्हणाले, "म्हणजे, मधलं पान सोडून."

मी सोडून दिलं. काही माणसं अशीच जायची. मी चहा टाकला, विचारलं नाही, पूर्ण कप त्यांच्यापुढे ठेवला आणि पडदे आणायला उठले. म्हटलं, ऊन येतंय, मऊ झाले असतील तर घेऊन जाते बाई, गल्लीला माझी झोप दिसते.

साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं. उत्तरेकडे. बराच वेळ.

"ताई, पडदे आज नेऊ नका," ते म्हणाले.

मी वाट बघितली. पुढे काही आलं नाही. शक्यता आली नाही, ढगांची पट्टी आली नाही. धाकटीचा हात पावावर लोणी लावता लावता थांबला होता. तिनं मला डोळ्यांनी बजावलं, काही बोलू नकोस, मोडशील. आयुष्यात पहिल्यांदाच मी उघडलेलं तोंड तसंच मिटलं आणि परत खाली बसले.

आत सासूबाईंनी रेडिओ लावला होता. आजही किंचित गारठाच सांगत होते. धाकटी लोण्याची सुरी हातात घेऊन आत गेली आणि तो बंद केला.